केशराचा बन आणि सहावा सांधा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एकेचाळीस वर्षांत मी झाळलेला एकही सांधा गळलेला नाही. एकही! कॅम्बोर्न शहरापासून थेट समुद्रापर्यंत कुठल्याही घरात जा, सिंकखाली डोकं घाला आणि तांब्याच्या नळीवरून बोट फिरवा. बोट कोरडं निघालं तर समजा, एडविन ट्रेंबाथ इथे येऊन गेला आहे.

हेच वाक्य मी त्या शनिवारी सकाळी आमच्या चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, स्वयंपाकघरात, परीक्षक पॅस्कोबाईंच्या तोंडावर, छाती पुढे काढून म्हटलं होतं. दुपारी साडेतीनला अख्खं गाव अंगणात पोट धरून उभं होतं, पाद्री प्रार्थना म्हणत होते आणि बँडवाल्यांनी भोंगे खाली ठेवले होते. मधल्या वेळात काय झालं ते मी सांगतो. गावात इतर लोकही सांगतात, पण ते तिखटमीठ लावतात.

आता मी स्वतः कामं फारशी घेत नाही. प्लंबिंग शिकणारी पोरं कॉलेजातून माझ्याकडे येतात, त्यांना झाळकाम शिकवतो. पहिल्या दिवशी मी कुणाच्याही हातात गॅसची बत्ती देत नाही. म्हणतो, "बाळांनो, आज नुसतं बघायचं." नळीचं टोक घासून नव्या नाण्यासारखं करायचं, फ्लक्सचं मलम लावायचं, दोन नळ्या जोडणाऱ्या कपलिंगमध्ये बसवायचं. मग बत्तीची निळी ज्योत. ती सोल्डरला लावायची नाही, सांध्याला लावायची. तांबं पुरेसं तापलं की ज्योत बाजूला घ्यायची आणि सोल्डरची तार सांध्याला नुसती टेकवायची.

आणि मग ते होतं! तार क्षणात वितळते आणि चांदीचं पाणी त्या केसाएवढ्या फटीत सुर्रकन आत ओढलं जातं. नळी उभी असेल आणि सांधा वर असेल तरी! खालून वर चढतं! कोण ओढतं त्याला? पुस्तकात कारण दिलेलं आहे, मी ते पोरांना सांगतो, परीक्षेत येतं. पण माझं तोंड प्रत्येक वेळी उघडंच राहतं. लव्हडे, म्हणजे माझी बायको, म्हणते, "एक दिवस माशी जाईल आत."

आणि सोल्डर म्हणजे तरी काय? बहुतेक सगळं कथील. माझ्या पणजोबांनी आमच्या पायाखालच्या खडकातून कथीलही काढलं आणि तांबंही. दोघे कोट्यवधी वर्षं एकाच डोंगरात शेजारी पडून होते, एकमेकांशी एक शब्द नाही. अगदी आमच्या गल्लीतल्या दोन घरांसारखे! आणि एक निळी ज्योत लागली की असे मिठी मारतात की हातोडीनेही सुटत नाहीत.

तर या शिकणाऱ्या पोरांत एक होती टेगन अँगोव्ह. वय सतरा, बोलणं मोजकं, हात असा की काय सांगू! तिच्या सांध्यावर सोल्डरचं कडं बघितलं तर वाटावं, सोनाराने भिंगातून केलंय. पण एप्रिलमधल्या प्रात्यक्षिक परीक्षेत, कॉलेजच्या त्या थंडगार हॉलमध्ये, समोर वही घेतलेला परीक्षक बघून तो हात पिंपळाच्या पानासारखा हलायला लागला. वितळलेलं सोल्डर परीक्षकाच्या बुटावर पडलं. नापास!

दुसऱ्यांदा नापास झाली तर तिचं नाव अभ्यासक्रमातून कायमचं कापलं जाणार होतं. मी कॉलेजात तीन पत्रं पाठवली. शेवटी कॉलेजने मान्य केलं की तिची परीक्षा खऱ्या जागी, खऱ्या कामावर घ्यायची. आमच्या चॅपेलमध्ये पाणी उकळायचा नवा बॉयलर बसवायचा होता. भिंतीवर बॉयलर, त्याला तांब्याची नळी, त्याच नळीची एक फांदी सिंकच्या नळाला. सगळे मिळून सहा सांधे. अट एकच. गुरुजींनी बाजूला उभं राहायचं, हात मागे बांधून. कामाला स्पर्श केला तर परीक्षा रद्द.

दिवस मात्र मी निवडला, आणि तिथेच माझी बुद्धी चरायला गेली. तो शनिवार चॅपेलच्या चहापंगतीचा होता. वर्षातून एकदा गावातली सगळी पोरं बँडमागून मिरवत येतात, अंगणात बसतात, आणि प्रत्येकाला चहा आणि केशराचा एक बन मिळतो. बन म्हणजे जेवणाच्या थाळीएवढा! पिवळाधमक, आत काळे मनुके ठासून भरलेले. माझ्या डोक्यात चित्र होतं की सकाळी टेगन सांधे झाळेल, दुपारी तिच्याच नळीच्या पाण्याचा चहा अख्खं गाव पिईल, आणि पॅस्कोबाई डोळे पुसत सही करतील.

पॅस्कोबाई डोळे पुसणाऱ्यांतल्या नव्हत्या. उंच, सडपातळ, तीस वर्षं स्वतः बत्ती चालवलेल्या. माझं ते एकेचाळीस वर्षांचं वाक्य ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "ट्रेंबाथ, परीक्षा तुमची नाही."

टेगनने काम सुरू केलं. मी श्वास धरून उभा. पहिला सांधा, सुर्रकन! दुसरा! तिसरा! हात दगडासारखा स्थिर. पाचवा सांधा भिंतीच्या कोपऱ्यात, बत्ती उलटी धरावी लागणारी अवघड जागा. तिथेही चांदीचं वळं असं फिरलं की पॅस्कोबाईंनी चष्मा पुसला. मी मागे बांधलेले हात आणखी घट्ट केले, नाहीतर टाळ्या वाजल्या असत्या.

सहाव्याला अडलं. तार टेकवली की वितळायची, पण आत जाईना. कथलाचे मणी होऊन टपटप जमिनीवर.

"मास्तर, आत पाणी आहे," टेगन म्हणाली. "हा जुना वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. थेंब थेंब येतंय."

पाणी असलं की तांबं तापतच नाही, ज्योत कितीही मोठी करा.

"माझ्याकडे बोल, त्यांच्याकडे नको," पॅस्कोबाई म्हणाल्या. "मग काय करशील?"

"रस्त्यावरचा मुख्य वॉल्व्ह बंद करीन. नळी रिकामी करीन. सुकवून परत तापवीन."

"बरोबर." वहीत खूण झाली.

बाहेर जाऊन बघतो तर मुख्य वॉल्व्हच्या झाकणावर बँडवाल्यांचा ट्रक उभा! मागचं चाक बरोब्बर झाकणावर. चालक कुठे? कोणी म्हणालं बटाट्या-मांसाची पेस्टी खायला गेलाय, कोणी म्हणालं भोंग्यासाठी तेल आणायला. टेगन आणि पॅस्कोबाई त्याला शोधायला निघाल्या. जाताना टेगनने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. बोटं थरथरायला लागली होती.

मी स्वयंपाकघरात एकटा. आणि ती नळी. टप. टप. टप.

आता आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. नळीत थेंब येत असेल तर पांढऱ्या पावाचा मऊ गर घ्यायचा, गोळी करायची आणि नळीत वीतभर आत ढकलायची. पाव पाणी पितो, पाच मिनिटं धरून ठेवतो, तेवढ्यात सांधा झाळून घ्यायचा. मग पाणी सोडलं की पावाचा लगदा होऊन वाहून जातो. ही युक्ती मी प्रत्येक पोराला शिकवतो आणि वर बोट नाचवून बजावतो, "पांढराच पाव! कडा नको, लोणी नको, आत काही घातलेलं नको!"

मी पाव शोधला. फडताळात नाही. डब्यात नाही. चहापंगतीच्या दिवशी चॅपेलमध्ये पाव कुठून असणार? टेबलावर होते फक्त केशराचे बन. नव्वद बन, पांढऱ्या फडक्याखाली, लव्हडेने दोन दिवस खपून भाजलेले.

टप. टप.

मी मनाशी म्हटलं, एडविन, बन म्हणजे तरी काय? गोड झालेला पावच ना?

एका बनाचा लचका तोडला. मनुके काढायचे होते, शपथेवर सांगतो! चार काढलेही. तेवढ्यात दारात पावलं वाजली आणि बाकीचा गोळा मी तसाच नळीत कोंबला, पेन्सिलीने ढकलला, नळी जागेवर बसवली आणि हात मागे बांधले. उरलेला बन कोटाच्या खिशात.

"चालक सापडत नाही," पॅस्कोबाई म्हणाल्या. "अर्धा तास थांबते. नाही सापडला तर पाच सांध्यांवर मला पास करता येणार नाही."

टेगनचा चेहरा पांढराफटक.

"एकदा बघ तरी," मी छताकडे बघत म्हणालो. "मला वाटतं थेंब थांबलाय."

"आपोआप?"

"जुने वॉल्व्ह लहरी असतात गं. माझ्यासारखेच."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण नळी खरंच कोरडी होती. तिने परत घासली, मलम लावलं, बत्ती पेटवली. तांबं तापलं. आणि स्वयंपाकघरभर असा खमंग वास सुटला की काय विचारता!

"हा वास कसला?" पॅस्कोबाईंनी नाक वर केलं.

"बायका बन गरम करताहेत बहुतेक," मी म्हणालो. बायका अंगणात टेबलं मांडत होत्या.

टेगनने तार टेकवली. चांदी धावली. गोल, पूर्ण, एका दमात. मी सगळं विसरलो. माझं पाप, बन, पेन्सिल, सगळं! एवढा सुंदर सांधा मी स्वतः झाळला असता तर फोटो काढून पाकिटात ठेवला असता.

"छान," पॅस्कोबाई म्हणाल्या. "आता पाणी सोड. तासभर सगळे सांधे कोरडे राहिले की सही करते."

पाणी सोडलं. अडीच वाजले होते. मी सिंकच्या नळाची जाळी काढून लगदा वाहू देणार होतो, पण पॅस्कोबाई माझ्या हातांवर नजर ठेवून होत्या. नळ जरासा गुरगुरला आणि स्वच्छ पाणी आलं. बॉयलर भरला. मी देवाचे आभार मानले. देवाला तेव्हा हसू आलं असणार.

तीन वाजता पहिला चहा गेला. मी अंगणात उभा राहून कान टवकारले.

"लव्हडे, आज चहाला काय गं सुरेख वास आलाय!"

"नवा बॉयलर, नवी नळी! पाण्याची चवच वेगळी."

"रंग बघ ना. सोन्यासारखा!"

पॅस्कोबाईंनी दुसरा कप मागून घेतला. टेगन आयुष्यात पहिल्यांदा दात दाखवून हसली. मी तिसऱ्या माणसाला माझं एकेचाळीस वर्षांचं वाक्य ऐकवत होतो, तेवढ्यात पोरांच्या सरबतासाठी कोणीतरी सिंकचा नळ पूर्ण सोडला.

काचेच्या जगमध्ये पिवळंजर्द पाणी.

म्हातारा नॅन्किव्हेल जवळच बसला होता. वय नव्वद, जुन्या खाणीतला आता एकटाच शिल्लक. त्याने जग उन्हात धरला. डोळे बारीक केले. आणि मग असा ओरडला की बँडच्या भोंग्याचा सूर मध्येच तुटला.

"खाणीचं पाणी! खाणीचं पाणी आलंय नळाला! सोमल असतो त्यात, जहाल विष! खाली ठेवा रे कप!"

आमच्या गावात हे ओरडून सांगावं लागत नाही, कुजबुजलं तरी पुरतं. आमच्या ओढ्याचं पाणी खाणीमुळे पिवळं आहे, जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पन्नास कप एका वेळी गवतावर उपडे झाले. पोरं रडायला लागली, कारण आया ओरडायला लागल्या. पोस्टातल्या बाईंच्या जिभेला मुंग्या आल्या. बँडच्या ढोलवाल्याला गुडघे जाणवेनासे झाले. पाद्री म्हणाले, "शांत राहा, शांत राहा," आणि स्वतः भिंत धरून खाली बसले.

"मी दोन कप घेतलेत," पॅस्कोबाई अगदी हळू म्हणाल्या. त्या भराभरा स्वयंपाकघरात गेल्या, मागून मी, टेगन, नॅन्किव्हेल आणि निम्मं गाव.

"सांगत होतो मी!" नॅन्किव्हेल म्हणाला. त्याने काहीच सांगितलं नव्हतं. "या चॅपेलच्या खाली बोगदा आहे. पोरीने कुठल्या नळीला नळी जोडली कोण जाणे!"

"मी बरोबर जोडली!" टेगन म्हणाली. आवाज फुटला. "मास्तर, मी बरोबर जोडली ना? तुम्ही बघत होतात ना?"

मी तोंड उघडलं. मग ते मिटून खिशातल्या उरलेल्या बनावर हात ठेवला.

तेवढ्यात नळ खोकला. एकदा, दोनदा, आणि सिंकमध्ये काहीतरी काळं, फुगलेलं, टप्पकन पडलं. मग आणखी दोन.

"उंदराच्या लेंड्या!" पोस्टातल्या बाई किंचाळल्या. मुंग्या आलेल्या जिभेने एवढी मोठी किंकाळी मी ऐकली नव्हती.

"नळ बंद करा," पॅस्कोबाई म्हणाल्या. "डॉक्टरला बोलवा. ही नळी कापावी लागणार. टेगन, मला वाईट वाटतं, पण मला हे नापास लिहावं लागेल." त्यांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

मंडळी, त्या टोपणाचा 'टक' असा बारीक आवाज झाला आणि माझ्या एकेचाळीस वर्षांच्या कोरड्या सांध्यांतून पाणी गळायला लागलं. म्हणजे डोळ्यांतून.

"ते मनुके आहेत," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. मग मी सिंकपाशी गेलो, एक मनुका उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला.

पोस्टातल्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मनुका आहे," मी चावत म्हणालो. "आणि पिवळं म्हणजे केशर. मी नळीत बन घातला. थेंब थांबवायला. या दोघी बाहेर गेल्या होत्या तेव्हा. टेगनला ठाऊक नाही, तिचा काही दोष नाही." आणि पुरावा म्हणून खिशातून उरलेला बन काढून टेबलावर ठेवला.

लव्हडे गर्दीतून पुढे आली. बनाकडे बघितलं. नळीकडे बघितलं.

"माझा बन?" ती म्हणाली. "गटारासारखा नळीत?"

"अगं, पाव नव्हता..."

"दोन दिवस मळत होते मी! कुठल्या पोराच्या वाटचा होता हा? आणि आत लोणी किती आहे ठाऊक आहे तुला? तो कसा विरघळेल रे, गाढवा?"

अंगणात ढोलवाल्याचे गुडघे परत आले. पाद्री उठून पँट झटकू लागले. पॅस्कोबाईंनी मोठा श्वास घेतला आणि त्यांच्या गालावर रंग चढला. तो बराच वेळ चढतच राहिला.

"ट्रेंबाथ, तुम्ही परीक्षेत हात घातलात."

"हो."

"नियम ठाऊक होता."

"हो. मला शिक्षा करा. तिला नको. पाच सांधे तिचेच आहेत. सहावासुद्धा तिचाच, फक्त..."

"मास्तर, थांबा," टेगन म्हणाली.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला वाटलं, माझ्याच्याने होणार नाही?"

चाळीस-पन्नास पोरं शिकवली मी. कुणीच असा प्रश्न विचारला नव्हता. उत्तर कुठल्या पुस्तकात आहे तेही मला ठाऊक नाही. मी मान खाली घातली.

"बाई," ती पॅस्कोबाईंकडे वळली, "मी सहावा सांधा कापते आणि परत करते. पाणी बंद करून, नीट. चालेल?"

पॅस्कोबाईंनी पेनाचं टोपण परत लावलं. "चालक मिळाला तर."

चालक म्हणजे तो ढोलवालाच निघाला! सकाळी चॅपेलच्या मागच्या बाकावर झोपला होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ट्रक हलला, झाकण उघडलं, मुख्य वॉल्व्ह बंद झाला. टेगनने सांधा कापला, नळीतून लव्हडेच्या बनाचा पिवळा बोळा ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो तसाच धरून उभा राहिलो. कुठे ठेवणार?

मग तिने नवा तुकडा घासला. दारात गाव, खिडक्यांत पोरं. नव्वद पोरं, एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली. नळी रिकामी केली, फुंकली, सुकवली. बत्ती पेटली, निळी ज्योत झाली. मी तिच्या हाताकडे बघितलं. एप्रिलमध्ये एका वहीला घाबरलेला तो हात आता चारशे डोळ्यांसमोर होता, आणि एखाद्या डोंगरासारखा स्थिर होता.

तार टेकली. चांदी धावली.

"आईशप्पत!" खिडकीतलं एक पोर म्हणालं. "वर गेलं ते! वर कसं गेलं?"

म्हातारा नॅन्किव्हेल काठीवर वाकून बघत होता. आयुष्यभर त्याने कथील अंधारात हातोड्याने फोडलं होतं; ते असं उजेडात पळताना त्याने पहिल्यांदाच बघितलं असावं. "पोरी," तो म्हणाला, "हे असं होतं होय त्याचं!" आणि त्याने टोपी काढली.

माझंही तोंड उघडं होतं. लव्हडेने ते हाताने बंद केलं.

पाणी सोडलं. स्वच्छ. तासभर सहाही सांधे कोरडे. पॅस्कोबाईंनी सही केली, टेगनचा हात हातात घेतला आणि तिसरा कप चहा प्यायल्या. म्हणाल्या, "मघाचाच जास्त चांगला होता." एका पोराला बन कमी पडला, त्याला लव्हडेने माझ्या वाटचं रात्रीचं जेवण दिलं.

प्रमाणपत्र पंधरा दिवसांनी आलं. टेगनच्या आईचं चौकात तळलेल्या माशांचं दुकान आहे. तिने ते चौकटीत बसवून काउंटरच्या वर लावलं आहे, सगळ्यांना रांगेत उभ्या उभ्या वाचता येईल असं. वर टेगनचं नाव, खाली 'उत्तीर्ण'. त्याखाली शेरा, पॅस्कोबाईंच्या ठसठशीत अक्षरात: 'विद्यार्थिनी स्वतंत्रपणे काम करण्यास पूर्ण सक्षम. शिक्षकांना मात्र एकटं सोडू नये.'

गावातले लोक विचारतात, एडविन, हल्ली शुक्रवारी मासे घ्यायला दिसत नाहीस? मी सांगतो, तेलकट मानवत नाही.